फाइल दिसते, पण पत्ता चुकतो

“अरे, डोळ्यांसमोर बघून टाइप केलंय मी. तरी हा म्हणतो फोल्डर सापडत नाही!”

काका आमच्या सोसायटीचे खजिनदार. मुलुंडची जुनी इमारत, बेचाळीस फ्लॅट, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर कोसळणाऱ्या मेंटेनन्सच्या पावत्या. कुणी पीडीएफ पाठवतं, कुणी स्क्रीनशॉट, तर एक आजी मुलाच्या फोनवरच्या स्क्रीनशॉटचा आपल्या फोनने फोटो काढून पाठवतात. लिफ्टवाल्याचं, टँकरचं आणि वॉचमनच्या एजन्सीचं बिल वेगळंच. ३१ मार्चला वर्ष संपतं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि त्याआधी ऑडिटरला प्रत्येक कागद हवा असतो. काकांना कुणीतरी सांगितलं की फोनला एकदा समजावून ठेवलं तर तो रोज रात्री आपणहून या फाइली ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्यांनी अशी कामं आपोआप करणारं, म्हणजे ऑटोमेशनचं, मॅक्रोड्रॉइड नावाचं ॲप घेतलं आणि फाइली उचलायची जागा म्हणून लिहिलं: इंटर्नल स्टोरेज/डाउनलोड्स.

वाचायला पत्ता बरोबर वाटतो. फोनच्या दृष्टीने मात्र अशी जागाच नाही.

आपण फोनमध्ये फाइली बघतो तेव्हा दिसणारी बरीच नावं नुसत्या पाट्या असतात. ‘इंटर्नल स्टोरेज’ ही पाटी आहे. ‘डाउनलोड्स’ हीसुद्धा पाटीच. खाली दडलेल्या फोल्डरचं खरं नाव ‘डाउनलोड’ आहे, एकवचनी, शेवटच्या ‘स’शिवाय. माणूस पाटी वाचून पोचतो, कारण तो बोटाने दाबत दाबत जातो. ऑटोमेशनचं ॲप दाबत जात नाही. त्याला पूर्ण पत्ता लागतो आणि तो अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. या पत्त्यालाच फाइल पाथ म्हणतात. फोनवर फाइली आपोआप सेव्ह करायच्या बाबतीत लोक अडकतात ते बहुतेक इथेच. पुढचं सगळं त्यामानाने सोपं आहे.

अँड्रॉइड फोनमध्ये त्या डाउनलोड फोल्डरचा खरा पत्ता असा:

/स्टोरेज/एम्युलेटेड/०/डाउनलोड

हे सगळे पत्ते मी इथे देवनागरीत लिहितोय. फोनमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत असतात, तेव्हा इथून उतरवून घेऊ नका. फोनमधूनच कॉपी करा. कसा करायचा ते पुढे येतंच.

पाकिटावर आपण पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहितो: नाव, खोली नंबर, चाळ, फणसवाडी, गिरगाव, मुंबई. फाइल पाथ उलटा चालतो. आधी मुंबई, मग गिरगाव, मग वाडी, मग चाळ, आणि सगळ्यात शेवटी खोलीतला माणूस, म्हणजे फाइल. प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे एक दार उघडून आत जाणं. अगदी सुरुवातीची एकटी रेघ म्हणजे ‘शहराच्या वेशीपासून सुरू कर’. ती गाळली तर ॲप समजतं की आपण आधीच कुठल्यातरी इमारतीत उभे आहोत आणि तिथूनचा रस्ता सांगतोय. चाळीत शिरल्यावर “दुसरा मजला, जिन्यालगतची खोली” एवढं पुरतं. दादर स्टेशनवर टॅक्सीवाल्याला तेवढंच सांगून चालत नाही.

‘एम्युलेटेड’ हा शब्द पाहून काका बिचकले. त्याची गोष्ट मजेशीर आहे. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांत फाइली खरोखरच्या एसडी कार्डावर राहायच्या आणि ॲप्स कार्डाच्याच पत्त्यावर जायची. पुढे मेमरी फोनच्या आत आली, पण जुनी ॲप्स कार्ड शोधत राहिली. म्हणून आतल्या मेमरीचाच एक भाग कार्डाचं सोंग घेऊन बसवला. एम्युलेटेड म्हणजे ते सोंग. आजही फोनमध्ये /एसडीकार्ड असा छोटा पत्ता चालतो आणि तो त्याच जागी नेतो, मग फोनला कार्डाची खाच नसली तरी. चर्चगेटला तरी आता गेट कुठे आहे? फोर्टची तटबंदी एकोणिसाव्या शतकातच पाडली, दरवाजाही तिच्यासोबत गेला, पण गाडी चर्चगेटलाच जाते. /एसडीकार्ड हे जुनं नाव ‘व्हीटी’सारखंही आहे: १९९६ साली व्हिक्टोरिया टर्मिनसचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ आलं, तरी व्हीटी म्हटलं की टॅक्सी बरोबर तिथेच थांबते. खरं कार्ड घातलंत तर त्याचा पत्ता मात्र वेगळा असतो: /स्टोरेज/ आणि पुढे चार-चार अक्षर-आकड्यांची, मधे आडवी रेघ असलेली एक खूण. ही खूण त्या कार्डाची स्वतःची असते. कार्ड बदललं किंवा फॉरमॅट केलं की पत्ताही बदलतो, आणि सहा महिने सुरळीत चाललेलं ऑटोमेशन एका रात्रीत मुकं होतं.

त्या पत्त्यातल्या शून्याकडे सहसा कुणी बघत नाही. आमचा अर्धा रविवार त्यानेच खाल्ला.

शून्य म्हणजे फोनचा पहिला वापरकर्ता, मालक. अँड्रॉइडमध्ये एकाच फोनवर अनेक वापरकर्ते राहू शकतात आणि प्रत्येकाचं घर वेगळं असतं. काकांचं सोसायटीचं व्हॉट्सॲप हे दुसऱ्या नंबरवरचं, ‘ड्युअल ॲप’ करून घेतलेलं. अशी जुळी ॲप्स फोन एका लपलेल्या वापरकर्त्याच्या घरात ठेवतो. शाओमीच्या फोनांत त्या घराचा आकडा ९९९ असतो, सॅमसंगच्या फोनांत ९५. आम्ही शून्याच्या घरात सोसायटीच्या पावत्या शोधत होतो आणि सापडत होते ते काकांच्या शाळेच्या ग्रुपवरचे सुप्रभात. दुसऱ्या घराचं दार बाहेरच्या ॲपला उघडेलच असं नाही. शेवटी सोसायटीचा नंबर आम्ही व्हॉट्सॲप बिझनेसवर हलवला. ते वेगळंच ॲप असल्याने शून्याच्या घरातच स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतं. ड्युअल ॲपवाल्यांना माझा हाच सल्ला आहे. कुलूप फोडण्यापेक्षा बिऱ्हाड हलवणं स्वस्त.

व्हॉट्सॲपच्या पत्त्याबद्दल इंटरनेटवर जुनी माहिती भरपूर पडून आहे. पूर्वी तो साधा होता: /स्टोरेज/एम्युलेटेड/०/व्हॉट्सॲप/मीडिया. आता कागदपत्रं असतात इथे:

/स्टोरेज/एम्युलेटेड/०/अँड्रॉइड/मीडिया/कॉम.व्हॉट्सॲप/व्हॉट्सॲप/मीडिया/व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स

फोटोंसाठी शेवटचा फोल्डर ‘व्हॉट्सॲप इमेजेस’. बिझनेसचं ॲप असेल तर मधल्या नावांत फरक पडतो. आपण पाठवलेल्या फाइली त्याच्या आत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात. त्या नको असतील तर ॲपला आतल्या फोल्डरांत शिरू नको म्हणून सांगावं लागतं.

हे घर बदललं ते २०१९ ते २०२१ या काळातल्या एका मोठ्या बदलामुळे. त्याआधी एखाद्या ॲपला ‘स्टोरेज’ची परवानगी दिली की ते सगळ्या इमारतीत मोकाट फिरायचं. टॉर्चच्या ॲपला तुमच्या पॅनकार्डाचा फोटो दिसू शकायचा. अँड्रॉइड १० ने गेटवर वॉचमन बसवला आणि अँड्रॉइड ११ ने त्याला सक्तीचे अधिकार दिले. आता प्रत्येक ॲपला स्वतःचा फ्लॅट. दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये जायचं तर विचारून. ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘डेटा’त इतर ॲप्सना प्रवेश जवळजवळ बंद झाला. शेजारचा ‘मीडिया’ हा इमारतीच्या पॅसेजसारखा: ॲपचाच, पण इतरांना तिथे पोचता येतं. व्हॉट्सॲपने सामान तिथे हलवलं. मॅक्रोड्रॉइडला किंवा टास्कर या तशाच ॲपला तिथवर जायला ‘ऑल फाइल्स ॲक्सेस’ ही खास परवानगी सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. ती मोठी परवानगी आहे. ओळखीच्या, नावाजलेल्या ॲपलाच द्यावी, आणि काम बंद केलं की काढून घ्यावी.

आता पत्ता शोधायचा कसा. सरळ उपाय म्हणजे आधी त्या जागी एक तरी फाइल असू द्या आणि तिलाच विचारा. गुगलच्या फाइल्स ॲपमध्ये फाइलवर बोट दाबून धरा, तीन टिंबांच्या मेनूत ‘फाइल इन्फो’ उघडा. पत्ता लिहिलेला असतो. सॅमसंगच्या माय फाइल्समध्ये तेच ‘डिटेल्स’खाली मिळतं. फोटो असेल तर गुगल फोटोजमध्ये तो उघडून वर सरकवा, खाली फोनमधली जागा दिसते. एवढं बघायचं नि मग टाइप करायचं, हा मात्र आत्मघात आहे. पत्ता कॉपी करणारा फाइल मॅनेजर वापरा किंवा ॲपमध्येच फोल्डर निवडायचं बटण दाबा. कॉम्प्युटरला वायर लावून तिथला पत्ता उचलू नका, तिथे पुन्हा ‘इंटर्नल शेअर्ड स्टोरेज’ ही पाटीच दिसते.

स्क्रीनशॉटच्या बाबतीत कंपन्यांचं एकमत नाही. काही फोन ते ‘पिक्चर्स’च्या आत ठेवतात, काही ‘डीसीआयएम’च्या. हे डीसीआयएम म्हणजे डिजिटल कॅमेरा इमेजेस, डिजिटल कॅमेऱ्यांच्या जमान्यात ठरलेलं नाव. शेजाऱ्याचा पत्ता तुमच्या फोनला चालेल हे गृहीत धरू नका.

फोल्डर निवडायच्या बटणाबद्दलही थोडं. ते दाबून फोल्डर निवडला की काही ॲप्समध्ये नेहमीच्या पत्त्याऐवजी ‘कंटेंट’ या शब्दाने सुरू होणारं, टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेलं एक लांबलचक प्रकरण दिसतं. तो बिघाड नाही. तो पत्ताच नाही मुळी, तो गेटपास आहे. तुम्ही इंटरकॉमवरून वॉचमनला सांगितलंत की या माणसाला बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर सोडा. वॉचमनने त्याला चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी त्याच माणसाला चालते. दुसऱ्या ॲपमध्ये पेस्ट केली तर उपयोग शून्य. आणि वॉचमन काही ठिकाणची चिठ्ठी देतच नाही: अँड्रॉइड ११ पासून संपूर्ण मेमरीचं मूळ किंवा अख्खा डाउनलोड फोल्डर निवडू गेलात तर तो ‘दुसरा फोल्डर निवडा’ म्हणतो. मग लोक फोनला शिव्या देतात. ‘डॉक्युमेंट्स’च्या आत ‘सोसायटी’ नावाचा नवा फोल्डर करा आणि तो निवडा, लगेच आत सोडतो.

काकांसाठी बसवलेली व्यवस्था अशी. रोज रात्री ११ वाजता ॲप जागं होतं, व्हॉट्सॲपच्या कागदपत्रांच्या फोल्डरमधल्या पीडीएफ घेतं, आणि डॉक्युमेंट्स/सोसायटी/ च्या आत त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये त्यांची प्रत ठेवतं. नवी फाइल आल्या क्षणी उचलायचीही सोय असते, पण मला ती आवडत नाही. अर्धी उतरलेली फाइल उचलली जाण्याची भीती राहते. रात्रीचा मुहूर्त बरा. आणि प्रत ठेवायची, मूळ हलवायचं नाही. मूळ हलवलं की व्हॉट्सॲपला स्वतःची फाइल सापडत नाही आणि तो पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागायला सांगतो. टँकरवाल्याकडे बिल दुसऱ्यांदा मागायची हिंमत आमच्या इमारतीत कुणाचीच नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपवरची बंधनंही काढावी लागतात, नाहीतर फोन त्याला अकराच्या आधीच झोपवतो. व्हॉट्सॲपमध्ये कागदपत्रं आपोआप डाउनलोड व्हायला हवीत हेही बघा. न उतरलेल्या फाइलला पत्ताच नसतो.

महिन्याचा फोल्डर कसा? तिथे मी माती खाल्ली.

ॲप दर महिन्याला फोल्डरचं नाव तारखेवरून स्वतः बनवतं. त्याला साचा द्यावा लागतो: वर्षासाठी इंग्रजी वाय चार वेळा, मग आडवी रेघ, मग महिन्यासाठी एम दोन वेळा. मी एम लहान अक्षरातले (स्मॉल) लिहिले. या साच्यांत मोठा एम म्हणजे महिना आणि लहान एम म्हणजे मिनिटं. वेळ बरोबर ११ ची, म्हणून बहुतेक पावत्या ‘२०२५-००’ या फोल्डरमध्ये गेल्या आणि ज्या रात्री फोन उशिरा जागा झाला त्या ‘२०२५-०३’ किंवा ‘२०२५-०७’ मध्ये. ‘०३’ बघून काकांना वाटलं मार्च, ‘०७’ बघून वाटलं जुलै. कळायला तीन आठवडे लागले. वायचंही तसंच: तो लहान लिहायचा. मोठ्या वायने आठवड्यावरून ठरणारं वर्ष येतं, आणि ३० डिसेंबर २०२४ ची पावती सरळ २०२५ मध्ये जाऊन बसते. वर्षभर काही दिसत नाही, चूक वर्षाच्या शेवटच्या काही दिवसांत उगवते.

तारखेत तिरकी रेघ तर चुकूनही नको. आपण सवयीने १२/६/२०२५ लिहितो. फोन ते ‘१२’ नावाच्या फोल्डरमधल्या ‘६’ नावाच्या फोल्डरमधलं ‘२०२५’ असं वाचतो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मधे आडव्या रेघा असं लिहिलं की नावाच्या क्रमाने लावलेल्या फाइली आपोआप काळाच्या क्रमानेही लागतात.

इथवर जे सांगितलं ते जगात कुठल्याही फोनला लागू. मराठीची स्वतःची भानगड निराळी आहे.

फोल्डरला मराठी नाव द्यायला अँड्रॉइडची काहीच हरकत नसते. पण काकांचा फोन मराठीत आहे, आणि मराठी भाषेसाठी आकडे देवनागरीच धरले जातात. म्हणून तारखेच्या साच्यातून बाहेर येणारे आकडे देवनागरी असू शकतात. माझ्या हाताने बनवलेल्या फोल्डरवर इंग्रजी आकडे, ॲपने बनवलेल्यावर मराठी; एकाच महिन्याचे दोन फोल्डर शेजारी शेजारी. दुसरी भानगड ‘ॲ’ची. हे अक्षर दोन तऱ्हांनी उमटतं: एक सलग ‘ॲ’, जे युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, आणि दुसरं ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून केलेलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच. काकांच्या कीबोर्डवरून पहिलं येतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवरून दुसरं. ‘ॲडव्हान्स’ नावाचा फोल्डर समोर दिसत असून ॲपला सापडत नव्हता तो यामुळेच. तिसरी गोष्ट लांबीची. फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं, देवनागरीतली प्रत्येक खूण तीन, आणि काना, मात्रा, हलन्त या सगळ्या वेगळ्या मोजल्या जातात. ‘श्री’ लिहायला चार खुणा, म्हणजे बारा बाइट. पंचाऐंशी खुणांत नाव संपलं पाहिजे. ‘श्री गणेश कृपा सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ अशा थाटाने सुरू होणाऱ्या नावात पावतीपर्यंत पोचायच्या आधीच निम्म्याहून जास्त जागा जाते. पत्त्यात असलेल्या फोल्डरांची नावं मी इंग्रजी अक्षरांत, आखूड आणि मोकळी जागा न सोडता ठेवतो. मराठीचा अभिमान पावतीच्या आत दाखवावा.

काकूंकडे आयफोन आहे, म्हणून त्यांनी विचारलंच: “आणि माझं काय?” आयफोनचा हिशोब वेगळा. तिथे प्रत्येक ॲपचं घर एका लांबलचक अक्षर-आकड्यांच्या खुणेमागे दडलेलं असतं आणि ॲप काढून पुन्हा टाकलं की ती खूण बदलते. तो पत्ता पाठ करण्यात अर्थ नाही, आणि ॲपल तो दाखवतही नाही. व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधून रात्री गुपचूप उचलाउचल होत नाही. तिथे शॉर्टकट्स ॲप वापरायचं. शेअर शीटमध्ये, म्हणजे शेअर दाबल्यावर उघडणाऱ्या यादीत, दिसणारा एक शॉर्टकट बनवा, त्यात तारखेला आकार द्यायची पायरी घाला, मग ‘सेव्ह फाइल’. या शेवटच्या पायरीत ‘कुठे सेव्ह करू ते विचार’ हे बंद केलं की आतला रस्ता लिहायची जागा उघडते. तो रस्ता निवडलेल्या फोल्डरपासूनचा असतो, शहराच्या वेशीपासूनचा नाही. सोसायटी/ आणि पुढे तारीख एवढंच. आणि ‘आधीची फाइल असेल तर तिच्यावर लिही’ हे बटण बंदच असू दे, नाहीतर सारख्या नावाच्या दोन पावत्यांतली एक गिळली जाईल. प्रत्येक पीडीएफवर शेअर दाबावं लागतं, पण काकूंच्या मते तेवढं बोट हलवायला त्यांना जमतं.

इकडे काकांची गाडी आता रुळावर आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी पुढची मागणी केली: फाइलच्या नावात फ्लॅट नंबर येऊ दे. हे मात्र पत्त्यातून निघत नाही. व्हॉट्सॲप फोटोला नाव देतं ते तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक जोडून. कुणी पाठवला याचा त्यात मागमूस नसतो. म्हणून काकांनी खाली बोर्डावर सूचना लावली: स्क्रीनशॉट पाठवू नये, पीडीएफच पाठवावी, आणि फाइलच्या नावात फ्लॅट नंबर लिहावा.

दुसऱ्या दिवशी पहिली पीडीएफ आली. नाव होतं ‘रिसीट फायनल नवीन २’.